18 चा प्लाय 17.3 भरतो तेव्हा

प्रश्न खारघरहून आला आहे. विचारणारे नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी घरच्या घरी सुतारकाम करतात. बेडरूममधल्या आठ फुटी कोनाड्यात कपाट बसवायचं म्हणून त्यांनी 18 मिमी प्लायच्या शीट आणल्या, राउटरला, म्हणजे खाच मारायच्या मशीनला, 18 मिमीचं बिट लावलं आणि उभ्या फळ्यांवर सहा मिमी खोल खाचा मारून घेतल्या. आता काही आडव्या फळ्या खाचेत खडखडतात, काही आत शिरतच नाहीत. दुकानदार म्हणतो, ‘प्लाय असाच येतो.’ त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत. दुकानदार फसवतोय का, आणि मारून ठेवलेल्या खाचांचं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून उगाच भांडण नको. दुकानदार बहुधा फसवत नाही. घरगुती कामाच्या प्लायसाठी आयएस 303 हे मानक आहे. त्याच्या 1989 च्या आवृत्तीत 6 मिमी आणि त्यापेक्षा जाड प्लायला जाडीत अधिक-उणे 5 टक्के सूट आहे, 6 पेक्षा पातळ प्लायला 10 टक्के. 18 चे पाच टक्के 0.9. म्हणजे 17.1 ची शीटही पास आणि 18.9 चीही पास. आयएसआय शिक्का असलेल्या दोन शीटमध्ये पावणेदोन मिमीचा फरक असू शकतो, आणि दोन्ही नियमात बसतात. शीट 17.1 च्या खाली भरत असेल तर मात्र बिनधास्त परत करा. शिक्का नसलेल्या स्वस्त मालात 18 सांगून सोळा-साडेसोळा दिला जातो, तो प्रकार वेगळा. तिथे भाव कमी का, याचं उत्तर जाडीतच असतं.

त्यात आपल्याकडे एकाच शीटला तीन आकडे चिकटलेले असतात. मिस्त्री तिला पाऊण इंची म्हणतो, म्हणजे सहा सूत, म्हणजे 19.05 मिमी, आणि मनातला हिशोब तसाच करतो. ड्रॉइंगवर 18 लिहिलेलं असतं. व्हर्नियर लावला की 17.4 दिसतं. सूत हे माप सुतारकामाला उत्तम आहे, मी स्वतः रोज वापरतो. पण एक सूत म्हणजे 3.17 मिमी, आणि तुमच्या खाचेला नडणारा फरक पाव सुताचासुद्धा नाही. तो टेपवर दिसणारच नाही. म्हणून या कामात डिजिटल व्हर्नियरला पर्याय नाही. महागडा नको, साधा 150 मिमीचा पुरतो.

जाडी का बदलते हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे उपाय आपोआप सुचतात. लाकडाचा ओंडका लेथवर फिरवून त्याची लांबच लांब साल काढतात, ती वाळवतात आणि उभे-आडवे थर लावून गरम प्रेसखाली दाबतात. 18 च्या शीटमध्ये असे बहुधा अकरा किंवा तेरा थर असतात. प्रत्येक थरात दहावा भाग मिलिमीटरचा फरक राहिला तरी एकूण फरक एक मिलिमीटरच्या वर जातो. हरियाणातल्या यमुनानगरकडच्या मालात पॉप्लर आणि निलगिरी ही दोन लाकडं मुख्य. पॉप्लर मऊ, प्रेसखाली जास्त दबतं. निलगिरी तेवढं दबत नाही. थर एकमेकांवर चढला तर तिथे उंचवटा येतो, दोन तुकड्यांत फट राहिली तर पोकळी. हे सगळं झाल्यावर वर चढतो तो दर्शनी पापुद्रा, जेमतेम तीन-चार दशांश मिमीचा. एवढ्या पातळ पापुद्र्यावर कारखान्यालाही फार घासता येत नाही. आणि म्हणूनच तुम्हीही जाड फळीवर रंधा मारून ती 18 ला आणायला जाऊ नका. पापुद्रा फाटेल, खालचा थर उघडा पडेल आणि फळी पूर्वीपेक्षा जास्त ओबडधोबड होईल.

कॅलिब्रेटेड प्लायमध्ये नेमका हाच क्रम बदललेला असतो. आतले थर आधी दाबून, तो गाभा मशीनवर घासून एकसारखा करतात. मग दर्शनी पापुद्रा चढवून पुन्हा प्रेस. म्हणून त्याची जाडी बरीच भरवशाची असते. त्याबद्दल शेवटी बोलतो.

आता मारलेल्या खाचा. त्या वाया गेलेल्या नाहीत.

सैल खाचेत पांढरा फेविकॉल भरभरून ओतला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पांढरा गोंद दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतील तरच धरतो. अर्ध्या मिमीची पोकळी भरून काढायची त्याच्यात ताकद नाही. वाळताना त्यातलं पाणी जातं, गोंद आकसतो आणि आत नुसता पापड उरतो. त्याऐवजी आडवी फळी कोरडीच बसवा, वर ढकलून खाचेच्या वरच्या काठाला टेकवा आणि खालच्या फटीत व्हेनिअरची पट्टी सरकवून बघा. सागाचं साधं व्हेनिअर साधारण अर्ध्या मिमीचं असतं, 17.5 च्या फळीला 18 च्या खाचेत नेमकं बसतं. बसतंय अशी खात्री झाली की फळी काढून गोंद लावा, पुन्हा बसवा, गोंद लावलेली पट्टी खालून सारा आणि बाहेर राहिलेला भाग धारदार पटाशीने साफ करा. पट्टी खालीच हवी. कपड्यांचं किंवा पुस्तकांचं वजन तिच्यावर दाबूनच बसतं, आणि समोरून बघणाऱ्याला कपाटातल्या फळीची खालची बाजू दिसत नाही. वरचे काठ डावी-उजवीकडे एका रेषेत राहिल्यामुळे फळी लेव्हलमध्येही येते.

जी फळी आत शिरत नाही, तिच्यासाठी खाच रुंद करू नका. फळीचं टोक बारीक करा, तेही खालच्या बाजूने आणि फक्त सहा मिमी लांबीपर्यंत. ट्रिमरला, म्हणजे छोट्या राउटरला, साधं सरळ बिट लावून अर्धा-पाऊण मिमी उतरवलं की काम होतं. पापुद्रा इथे कापला जातो, पण तो भाग खाचेत लपतो. हातोडी मारून फळी घुसवायचा मोह टाळा. प्लायची खाच बाहेरच्या बाजूला फुगते, आणि ते लॅमिनेट लावल्यावर उठून दिसतं.

पुढच्या कामासाठी मात्र पद्धतच बदलायला हवी. प्लायची जाडी आपल्या हातात नाही. जाडीतला फरक कुठे दडवायचा, एवढंच आपल्या हातात आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, शीट टेम्पोतून उतरली की कटिंगच्या आधी तिची मापं घेतली जातात. चारही कोपऱ्यांजवळ आणि चारही कडांच्या मध्यावर. व्हर्नियरचे जबडे कडेपासून चार सेंटीमीटरच आत पोचतात, तेव्हा अगदी काठावर न मापता जबडे पूर्ण आत घालून मापा, कारण काठ कधी घासून उतरलेला असतो, कधी पाण्याने फुगलेला. आकडा पेन्सिलीने तिथेच शीटच्या कडेवर लिहायचा. शीटचा मधला भाग कापेपर्यंत मापता येत नाही, म्हणून कापल्यावर दर तुकड्यावर पुन्हा एकदा. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या उपायांत स्वस्त आहे.

आकडे समोर आले की शीटची विभागणी करा. एका बॉक्सच्या, म्हणजे कपाटाच्या एका सांगाड्याच्या, दोन्ही उभ्या फळ्या एकाच शीटमधून, सगळ्या आडव्या फळ्या शक्यतो एका शीटमधून, शेजारी-शेजारी येणारी शटर, म्हणजे कपाटाची दारं, एका शीटमधून. नेहमीचं कटिंग वेस्टेज वाचवायच्या हिशोबाने आखतात, त्यात डाव्या बाजूची फळी एका शीटमधून आणि उजवी दुसऱ्या शीटमधून निघते. मी अर्धी शीट जास्त लागली तरी चालवून घेतो, पण जोड्या फोडत नाही. एकसारख्या जाडीच्या जोड्या मिळाल्या की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे दर्शनी बाजू ठरवून तिच्यावर खूण करणं. प्रत्येक फळीची एक बाजू आणि एक कड पक्की करायची आणि सगळी मापं, सगळी छिद्रं तिथूनच घ्यायची. डॉवेलचं, म्हणजे जोडातल्या लाकडी खुंटीचं, छिद्र जाडीच्या मध्यावर, म्हणजे 9 मिमीवर, असं म्हणतात. 17.3 च्या फळीचा मध्य 8.65 वर असतो. मध्य शोधायच्या नादी न लागता दोन्ही तुकड्यांवर दर्शनी बाजूपासून 9 मोजलं, तर दर्शनी बाजू एका पातळीत येते आणि फरक सगळा मागे जातो, जिथे भिंत आहे.

खाच मारायची तर ती आकड्यावर मारू नका, प्रत्यक्ष फळीवर मारा. 18 चं बिट बाजूला ठेवा. 12 मिमीचं वरती बेअरिंग असलेलं बिट घ्या, ज्याचं बेअरिंग पात्याच्या व्यासाएवढंच असतं. पातं पंधरा-सोळा मिमीपेक्षा लांब नको. सहा मिमीची उथळ खाच मारताना लांब पात्याचं बेअरिंग पट्टीच्या वर हवेत राहतं. उभ्या फळीवर गुण्या लावून 18 च्याच प्लायची एक सरळ पट्टी क्लॅम्प करा. तिला चिकटवून, जी आडवी फळी त्या खाचेत जायची आहे तिचाच तुकडा उभा ठेवा. तुकड्याला घट्ट टेकवून दुसरी पट्टी क्लॅम्प करा. तुकडा काढा. दोन पट्ट्यांमध्ये राहिलेली जागा म्हणजे तुमच्या फळीची खरी जाडी, व्हर्नियर न लावता मिळालेली. आता राउटर तुमच्यापासून दूर नेताना डाव्या पट्टीला टेकवा, परत आणताना उजव्या पट्टीला. बिट ज्या दिशेने फिरतं त्यामुळे या क्रमाने गेलं तर राउटर आपोआप पट्टीकडे ओढला जातो, उलट गेलात तर पट्टीपासून पळतो.

फळी हाताच्या तळव्याने दाबून आत जाईल एवढीच घट्ट हवी. कोरडी असताना अगदी ताठ बसली तर गोंद लावल्यावर बसणार नाही, कारण गोंदातल्या पाण्याने प्लायची कड किंचित फुगते. कागदाची एक घडी आत जाईल एवढी ढील ठेवा.

इथे एक प्रश्न आधी सोडवून घ्यावा लागतो, तो म्हणजे आतलं लॅमिनेट खाच मारण्याआधी लावणार की बॉक्स जोडल्यावर. आपल्याकडे बहुतेक मिस्त्री बॉक्स उभा करून मग आतून 0.8 मिमीचं लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, लावतात, तेव्हा खाच कोऱ्या प्लायच्या मापाची. आधी प्रेस करून घेणार असाल तर तो लावलेला तुकडाच पट्ट्यांमध्ये धरा. 17.3 च्या फळीला दोन्ही बाजूंनी लायनर आणि गोंदाचे थर धरून ती 19 च्या पुढे जाते.

आडव्या फळ्या पुष्कळ असतील, समजा पुस्तकांचं भिंतभर कपाट, तर प्रत्येक खाचेला पट्ट्या लावणं परवडत नाही. मग सगळ्या खाचा एकसारख्या 12 मिमीच्या मारायच्या आणि फळ्यांच्या टोकांना 12 मिमीची जीभ काढायची. यात एक गफलत हमखास होते. फळी आडवी ठेवून राउटर तिच्यावरून फिरवला की जाडीतून ठरावीक माल निघतो, म्हणजे उरलेली जीभ जाड फळीवर जाड आणि पातळ फळीवर पातळ. मूळ अडचण तिथेच राहते. त्याऐवजी टेबल सॉवर फळी उभी धरून तिची दर्शनी बाजू फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या आधारपट्टीला, टेकवा, आणि फेन्स ते पातं यांत बरोबर 12 चं अंतर ठेवा. आता मधे उरेल ते 12 च, फळी 17 ची असो की 19 ची. फरक सगळा पात्याच्या बाहेरच्या बाजूने पडणाऱ्या तुकड्यात जातो. जीभ जिथे सुरू होते तिथली, म्हणजे खांद्याची, आडवी खाच कुठे अर्धा मिमी खोल गेली तर जाऊ द्या. फळी उभी धरताना मात्र उंच फेन्स लावल्याशिवाय आणि फळी फेन्सला दाबून धरणाऱ्या फेदरबोर्डशिवाय काम करू नका. बोटं एकदाच मिळतात.

खाचांइतकाच महत्त्वाचा आहे एकूण रुंदीचा हिशोब, आणि तुमचं काम कोनाड्यातलं असल्यामुळे तुम्हाला तो जास्त नडेल. आठ फूट म्हणजे 2438 मिमी. तीन बॉक्स, सहा उभ्या फळ्या. कागदावर सहा अठरे एकशे आठ. पण शीट 18.6 ची निघाली, वर 0.8 चं लायनर आणि गोंदाचा थर मिमीचा दहावा भाग, म्हणजे फळी साडेएकोणीस. सहा फळ्यांचे 117. नऊ मिमी वाढले, आणि आपल्या इमारतींच्या भिंती ओळंब्यात असतातच असं नाही. बॉक्स अडकतो तो वरती, जिथे प्लास्टर पुढे आलेलं असतं. म्हणून कोनाड्याचं माप तळाला, मध्यावर आणि वर असं तीन जागी घ्यायचं, सगळ्यात कमी असेल ते धरायचं, त्यातून दोन्ही बाजूंना दहा-पंधरा मिमी सोडायचे आणि ती फट नंतर फिलर पट्टीने झाकायची. बॉक्सचं बाहेरचं माप पक्कं ठेवून आतलं माप मोजलेल्या जाडीवरून काढायचं, उलटं नाही.

ड्रॉवर बॉक्स उभा राहिल्यानंतरच कापा. ड्रॉवर ज्यावर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साधारण 12.7 मिमी जागा घेतो, दोन्ही मिळून 25.4. मी बॉक्सच्या आतल्या रुंदीतून 26 वजा करतो. पण आतली रुंदी म्हणजे पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजलेली. उभ्या फळ्या अर्ध्या मिमीने जाड निघाल्या तर आतली रुंदी एक मिमीने घटते, आणि कागदावरच्या मापाने कापलेला ड्रॉवर चॅनेलमध्ये रडत सरकतो. लोक चॅनेलला दोष देतात. ड्रॉवरच्या पुढच्या-मागच्या पट्ट्यांची लांबीही ड्रॉवरच्या बाजूंची खरी जाडी वजा करूनच.

शटरचंही तसंच. दोन बॉक्स शेजारी जोडले की मधल्या दोन फळ्या मिळून 36 होतील असं धरलेलं असतं, होतात 39. कागदावरच्या मापाची शटर लावली तर दोन शटरमधली फट तीन मिमीने वाढते. बॉक्स भिंतीत बसवून, मग मापून शटर कापा. शेजारच्या शटरचा पृष्ठभाग एकाचा पुढे, एकाचा मागे दिसत असेल तर ऑटो हिंजच्या मागच्या स्क्रूने मिमी-दोन मिमी पुढे-मागे करता येतं. आणि जिथे दोन पृष्ठभाग मुद्दाम एका पातळीत आणावे लागतात, उदाहरणार्थ पलंगाच्या डोक्याकडचं पॅनेलिंग, तिथे तीन मिमीची खाच सोडा. फटीच्या दोन बाजूंतला अर्धा-पाऊण मिमीचा फरक डोळ्याला कळत नाही. फट नसेल तर बोटालाही कळतो आणि डोळ्यालाही.

दिसणाऱ्या कडांची चिंता नको. 22 मिमीचा एज बँड लावून ट्रिम केला की 17 आणि 19 दोन्ही झाकले जातात. सागाची बीडिंग पट्टी लावणार असाल तर ती दोन्ही बाजूंना किंचित वर राहील एवढी ठेवून मग रंध्याने फळीच्या पातळीत आणा. लॅमिनेट निवडताना एवढं बघा, की शीटवर हात फिरवून उंचसखलपणा जाणवत असेल तर चकचकीत घेऊ नका. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात लाटांसारखं वाकडं दिसतं. मॅट फिनिशमध्ये तेच खपून जातं.

कॅलिब्रेटेड घ्यायचा का? शटरसाठी हो, डोळे मिटून. किचनचं काम असेल आणि वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापेच्या बाजूला मशीनवर कटिंग आणि ड्रिलिंग करून घेणार असाल तर सगळंच कॅलिब्रेटेड घ्या, कारण मशीन तुमच्या फळीकडे बघून निर्णय घेत नाही, दिलेल्या आकड्यावर चालतं. आणि तिथेही ऑपरेटरला 18 सांगू नका, मोजलेली जाडी सांगा. सॉफ्टवेअरमध्ये तो एकच आकडा बदलला की सगळे तुकडे आणि खाचा नव्याने निघतात. हाताने करायच्या कपाटाच्या बॉक्सला साधा शिक्क्याचा प्लाय पुरेसा आहे. वाचलेले पैसे चांगल्या चॅनेलवर आणि हिंजवर घाला.

दुकानात जाताना व्हर्नियर खिशात असू द्या. एकाच लॉटच्या शीट मागा, टेम्पोत चढण्याआधी दोन-तीन जागी मापा. दुकानदार त्याला हरकत घेत असेल तर दुसरं दुकान बघा. टॉवरच्या लिफ्टमध्ये 8×4 ची शीट बहुतेक वेळा मावत नाही आणि तीस-पस्तीस किलोची शीट जिन्याने चढवणं त्रासाचं, म्हणून लोक खालीच कापून घेतात. कापून घ्या, पण दोन-तीन सेंटीमीटर मोठी, आणि कोणता तुकडा कोणत्या शीटचा ते लिहून. नाहीतर वर गेल्यावर जोड्या लावता येत नाहीत.

पावसाळ्यात शीट भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. फरशीचं काम चालू असलेल्या घरात खालची कड पाणी पिते आणि 18 ची शीट खालच्या बाजूला 19 च्या वर जाते, एमआर, म्हणजे फक्त ओलावा सोसणारी, ग्रेड असेल तर लवकरच. तीन लाकडी पट्ट्या जमिनीवर टाकून त्यावर आडवी रचा, वरून प्लास्टिक टाका पण कडा बांधून टाकू नका, हवा खेळू द्या. जूनमध्ये मापलेली शीट ऑगस्टमध्ये कापणार असाल तर आकडे पुन्हा घ्या. कड फुगलेली असेल तर तीन-चार सेंटीमीटर आत मापून बघा. तिथे जाडी मूळ आकड्यावर आलेली असेल तर तेवढी पट्टी कापून टाका आणि उरलेली शीट वापरा.